विद्यापीठानं न मागितलेली वही

मॅडमनं मला सहा वर्षांत एकदाही नावानं हाक मारली नाही. पीएच.डी.चं रजिस्ट्रेशन पक्कं झालं त्या दिवशी त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाल्या, "बहात्तर महिने. चाल, लाग कामाले." पुढच्या महिन्याच्या एक तारखेला मी एकाहत्तर झालो, त्याच्या पुढच्या महिन्यात सत्तर. सहा वर्षांत थीसिस सादर झाला नाही तर रजिस्ट्रेशन रद्द, हा विद्यापीठाचा नियम, आणि त्याची आठवण करून द्यायची मॅडमची ही तऱ्हा. प्रयोगशाळेत आम्ही चौघं होतो आणि चौघांचीही नावं दर महिन्याला बदलायची. "ए एकोणपन्नास, ते मशीन बंद कर." "काहून बे अठरा, जेवला नाई काय?" बाहेरचा कुणी आला तर त्याला वाटावं, आपण चुकून जेलात शिरलो.

गेल्या उन्हाळ्यात मॅडम अकोल्यात वारल्या, बहिणीच्या घरी. रिटायर झाल्यावर अमरावती सोडून त्या तिकडंच राहायला आल्या होत्या. माझं घर तिथून चालत पंधरा मिनिटांवर. निरोप वेळेत मिळाला होता, त्या दिवशी कॉलेजात माझा एकही तास नव्हता, पायही धड होते. मी गेलो नाही. लोकांना सांगितलं की ताप होता.

जाऊ द्या. आधी मॅडम कशा होत्या ते सांगतो.

अमरावतीतल्या वकिलाच्या घरची ही बाई. घरात सगळे शुद्ध बोलणारे, आजोबा आणि वडील दोघंही कोर्टात गाजलेले. या मात्र ठासून वऱ्हाडी बोलायच्या, वर्गात, मीटिंगमध्ये, पुण्याहून परीक्षक आले तरी. एका परीक्षकांनी एकदा चहा पिता पिता हळूच विचारलं, "मॅडम मूळच्या कुठल्या?" मॅडम म्हणाल्या, "इथल्याच. तुमी कोठचे?" सुती साडी आणि खाली पांढरे कॅनव्हासचे बूट. डबा उभ्यानंच खायच्या, बसलं की झोप येते म्हणून. एका हातात भाकरी आणि ठेचा, दुसऱ्या हातात आमचा चॅप्टर. माझ्या पहिल्या तिन्ही चॅप्टरांच्या कच्च्या प्रतींवर अजून ठेच्याचे डाग आहेत. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, हे विचारायची कॉलेजात कुणाची छाती नव्हती.

आमचा विषय सिकलसेल. धारणीकडं, मेळघाटात, हा आजार फार. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, अंग ठणकतं, रक्त कमी पडतं, लेकरं दगावतात. आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन्ही वाटे वाकडे आले तर माणूस आजारी. एकच वाकडा आला तर त्याला काही होत नाही, जन्मभर ठणठणीत राहतो आणि त्याला पत्ताही लागत नाही. पण असल्या दोघांचं लग्न झालं तर त्यांच्या प्रत्येक लेकराला चारात एक धोका. सगळी गोम इथं आहे, म्हणून लग्नाच्या आधी ते माहीत असलं पाहिजे. आम्ही गावोगाव जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचो, अमरावतीला आणून तपासायचो आणि कुणात अर्धं, कुणात पूर्ण, कुणात काहीच नाही, ते मांडायचो.

हे नमुने बर्फाच्या डब्यात घालून एस्टीनं आणायचे असत. मॅडम त्या डब्याचं तिकीट काढायच्या. पहिल्यांदा मी सोबत होतो तेव्हाचं आठवतं. कंडक्टर म्हणाला, "बाई, डब्ब्याले तिकीट नसते. ठेवा तिकडं सीटखाली." मॅडम म्हणाल्या, "सीटखाली कसा ठेवू? चौतीस जन आहेत याच्यात." कंडक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. शेवटी त्यानं कंटाळून एक तिकीट फाडलं आणि सेमाडोहच्या वळणावळणांच्या रस्त्यानं परतवाड्यापर्यंत डबा खिडकीशी आरामात बसून आला, माणसं उभी. एक म्हातारी मॅडमला मोठमोठ्यानं शिव्या देत होती. मॅडम तिला म्हणाल्या, "माह्या जागेवर बस माय, मी उभी राह्यते," आणि दोन तास दांडा धरून उभ्या राहिल्या. पण डबा हलवला नाही. मी झोपेचं सोंग घेतलं होतं.

आता विद्यापीठाच्या अटी सांगतो, म्हणजे मी कुठल्या घाण्याला जुंपलेला होतो ते कळेल. आधी कोर्सवर्क, त्याची परीक्षा. दर सहा महिन्यांनी समितीपुढं प्रगती दाखवायची. समितीतले तिघं एका दिवशी मोकळे सापडणं हीच एक वेगळी पीएच.डी. माणसांचं रक्त घ्यायचं म्हणून एथिक्स कमिटीचं पत्र. दोन शोधनिबंध छापून आलेले पाहिजेत, तेही मान्यतेच्या नियतकालिकात. मग सादरीकरण, मग सारांश, मग चोरी तपासायच्या सॉफ्टवेअरचा दाखला, मग गाइडचं प्रमाणपत्र, मग बाइंडिंग. बाहेरच्या दोन परीक्षकांचे अहवाल यायला कधी आठ महिने, कधी वर्ष. आणि शेवटी सगळ्यांसमोर व्हायवा. यातला एक कागद कमी असला तर खिडकीतला बाबू फाईल परत सरकवतो, आणि सरकवताना वर बघतही नाही.

मॅडमच्या दोन अटी यात कुठंच नव्हत्या.

पहिली अट चौकीदार मामांची. कॉलेजच्या फाटकावर एक वयस्क चौकीदार होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. चॅप्टर लिहून झाला की तो मामांना तोंडी सांगायचा, आणि मामांनी तो मॅडमना आपल्या शब्दांत परत सांगायचा. मामांना जमलं नाही तर चॅप्टर परत. राजेहो, एमएस्सीत पहिला आलेला माणूस मी, फाटकाशी स्टुलावर बसून मामांना जेलीच्या पट्टीवर विजेनं रक्त सरकवायची तपासणी समजावतो आहे आणि येणारी-जाणारी पोरंपोरी दात काढताहेत, हे चित्र डोळ्यांपुढं आणा. चार वेळा सांगितलं. पाचव्यांदा मामा उठले, मॅडमच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "मॅडम, याईनं रक्ताची शर्यत लावली. चांगलं पुढं पयते, वाकडं मांगं राह्यते. मंग कोन मांगं राह्यलं ते पायचं." मॅडमनी टाळी वाजवली. मी सोळा पानं लिहिली होती, आणि खरं सांगायचं तर त्यात याहून जास्त काही नव्हतं.

दुसरी अट वहीची. लांब, जाड पुठ्ठ्याची वही. ज्याचं रक्त घेतलं त्याला परत जाऊन, समोर बसून, त्याच्या रक्तात काय निघालं ते सांगायचं. कागद द्यायचा नाही, तोंडानं सांगायचं. मग म्हणायचं, "आता तुमी मले परत सांगा." आणि तो माणूस जे बोलेल ते, तो बोलला तसंच, त्याच्या नंबरापुढं वहीत उतरवायचं. खाली मैदानी भागात मजुरीला येणारे वऱ्हाडीत बोलायचे, बाकीचे हिंदीत, काहींना नुसती कोरकू यायची, तिथं शेजारपाजारचा कुणी सांगायला घ्यायचा. मॅडम म्हणायच्या, "थीसिस विद्यापीठाचा. वही माही. रक्त घेतानी दारी गेलता ना? मंग सांगाले बी जा." वही भरल्याशिवाय गाइडच्या प्रमाणपत्रावर सही नाही, हे ठरलेलं.

रविवारी मॅडम ती वही वाचत बसायच्या, लोक कादंबरी वाचतात तशा. एखादं वाक्य आवडलं की सोमवारी आम्हाला वाचून दाखवायच्या. एका म्हाताऱ्यानं म्हटलं होतं, "मी चांगला आहे, पन माह्या रक्तावर भरोसा ठेवून कोनाची पोरगी आनू नका." एका बाईनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आप लोग खून वापस नहीं करते क्या?" मॅडम खूप हसल्या होत्या त्यावर, डोळ्यांत पाणी येईतो. आणि मग म्हणाल्या, "सांगितलं म्हंजे वापसच केलं ना बाप्पा."

पहिली चार-साडेचार वर्षं मी हे इमानानं केलं. दोनशेच्या वर माणसं होती. जीपनं जायचं, जीप नसली तर पायी, माणूस शेतात गेलेला, बाजाराला गेलेला, बाहेरगावी कामाला गेलेला. एकेका नंबरासाठी तीन तीन चकरा. मी कुरकुर करायचो, पण करायचो. हे माझ्या बाजूचं एवढंच आहे, म्हणून सांगून ठेवतो.

माझं नाव 'तीन' झालं तेव्हा एकेचाळीस माणसं उरली होती, सगळ्यात आतल्या पाच गावांतली. पावसानं रस्ते वाहून गेले होते. दुसरा शोधनिबंध नुकताच कसाबसा स्वीकारला गेला होता. अकोल्याच्या कॉलेजात, जिथं मी आठ वर्षं तासिका तत्त्वावर राबत होतो, तिथं कायम जागेची जाहिरात येणार होती आणि तिला पीएच.डी. लागणार होती. बाबांचं अकोल्यात फुलांचं दुकान. ते हार गुंफता गुंफता दर शनिवारी विचारायचे, "काबे, इतक्या वर्षांत तं लोक खरे डॉक्टर होतात. तुहं काय होऊन राह्यलं?" चौतिशी ओलांडली होती. माझ्यासाठी पाहिलेल्या दोन मुलींची तोवर लग्नं होऊन त्यांची पोरं शाळेत जात होती. डिग्री हुकली असती तर मी संपलोच असतो, असं मला तेव्हा वाटत होतं, आणि आजही मी ते खोटं म्हणणार नाही.

मी कॉलेजच्या लेटरहेडवर एकेचाळीस चिठ्ठ्या छापल्या. ज्याचा जसा निकाल तशी चिठ्ठी. छान, स्वच्छ, पुस्तकी मराठी. खाली माझी सही आणि विभागाचा गोल शिक्का. धारणीहून त्या गावांकडं जीप चालवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडं गठ्ठा दिला आणि म्हटलं, भाऊ, वाटून टाक.

मग अकोल्यात माझ्या खोलीत बसून दोन दिवसांत मी एकेचाळीस माणसांची बोलणी लिहिली. मला लाज वाटली नाही. उलट मजा आली. साडेपाच वर्षं ती वही हाताखालून गेली होती. माणसं कुठं अडतात, कुठं चुकतात, कुठं भलतंच बोलतात, ते सगळं मला पाठ झालं होतं. दोघातिघांच्या तोंडी मुद्दाम चुका घातल्या. एका बाईच्या नंबरापुढं लिहिलं, "माह्यात अर्धं आहे, मले काई होत नाई. पन ज्याच्यात अर्धं आहे त्याच्या घरी म्या जायचं नाई."

सोमवारी मॅडमनी नेमकं तेच वाक्य आम्हाला वाचून दाखवलं. एकदा नाही, तीनदा. "याले म्हनतात समजनं," त्या म्हणाल्या. "पाय, किती कमी शब्दांत बोलली बाई. तुमी लोक वीस पानं लिहिता." मग त्यांनी मला विचारलं, "सगळ्यायले सांगून झालं?" मी म्हटलं, "हो मॅडम." त्यांनी तिथंच, उभ्यानं, प्रमाणपत्रावर सही केली. मुदतीच्या अकरा दिवस आधी मी थीसिस सादर केला. बाबांनी दुकानातल्या सगळ्यात मोठ्या गुलाबांचा हार मॅडमसाठी पाठवला. मॅडमनी तो फाटकावर मामांच्या गळ्यात घातला.

परीक्षकांचे अहवाल यायला वर्ष लागलं. दोन्ही चांगले होते. व्हायवाची तारीख ठरायची होती आणि मी कसल्याशा सहीसाठी मॅडमच्या खोलीत गेलो होतो. तेवढ्यात मामा दोन माणसांना घेऊन आले. पंचविशीचा नवरा, इस्त्रीचा शर्ट घातलेला. त्याच्यामागं त्याची बायको, अंगावर नवी साडी, पोटुशी, सहा-सात महिने तरी झाले असावेत.

"मॅडम, हे एस्टीत लागले म्हनतात," मामा म्हणाले. "कुठं हजर व्हायचं ते विचारून राह्यले."

माणसानं पिशवीतून दोन कागद काढून टेबलावर ठेवले. लॅमिनेट करून आणलेले. वर आमचं लेटरहेड, खाली गोल शिक्का, माझी सही. दोन्हींवर एकच मजकूर होता, माझाच: "आपल्या रक्ताची तपासणी पूर्ण झाली आहे. आपण वाहक आहात. चिंतेचे कारण नाही."

"मॅडम, ड्यूटी कब से है?"

"कायची ड्यूटी?"

"वाहक की. हम दोनों की."

मॅडमना उमगलं नाही. मला उमगलं. अर्धं ज्याच्यात आहे त्याला पाठ्यपुस्तकात वाहक म्हणतात. सरकारी पत्रकातही तेच छापतात. शब्द शंभर टक्के बरोबर होता. पण एस्टीत बसणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा, वाहक कोण? तो म्हणेल, कंडक्टर. त्याच्या छातीवरच्या बिल्ल्यावर तसं लिहिलेलं असतं.

तो माणूस शांतपणे सगळं सांगत गेला. दहावी शिकलेला होता. मागं कधीतरी चालक-वाहक भरतीचा फॉर्म भरला होता, उत्तर आलं नव्हतं. मग आम्ही जाऊन रक्त घेतलं, तेव्हा त्याला वाटलं, ही मेडिकल. मग शिक्क्याचं पत्र आलं. जीपवाल्यानंच सांगितलं की पलीकडच्या गावात एका मुलीलाही अस्संच पत्र आलं आहे. मुलीकडच्यांना जावई नोकरीवाला मिळाला, याच्या घरच्यांना सून नोकरीवाली. जीपवाल्यानं मध्यस्थी केली आणि लग्न झालं. "दोनों की एक ही नौकरी, तो एक ही डिपो मिल जाएगा, सोचा." वर्षभर वाट पाहिली. शेवटी आगारात गेला, तिथल्या माणसानं पत्र वाचून सांगितलं की हा शिक्का आमचा नाही, ज्यांचा आहे तिथं जा.

मॅडमनी कपाटातून वही काढली. चिठ्ठीवरचा बाईचा नंबर पाहिला, पान काढलं, त्यावर बोट ठेवलं. मग त्यांनी बाईला विचारलं, "हे तू बोलली काय व?" आणि मोठ्यानं वाचलं, "ज्याच्यात अर्धं आहे त्याच्या घरी म्या जायचं नाई."

बाई नवऱ्याकडे पाहू लागली. तो म्हणाला, "इसको कोरकू ही आती है, मॅडम."

मॅडमनी वर बघितलं. चिडल्या असत्या, अंगावर वही फेकली असती, तर मी पाया पडलो असतो, रडलो असतो, काहीतरी केलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "सांगा यायले."

सात वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला तुम्ही म्हटलं.

मी सांगितलं. तो शब्द टाळून, हिंदीत, अर्धं आणि पूर्ण म्हणत, बोटांनी दाखवत. चारात एक, हे सांगताना बाईच्या पोटाकडं पाहायचं नाही असं मी ठरवलं आणि तिकडंच पाहत राहिलो. पोटातल्या बाळाची तपासणी करता येते, पण ती फार आधी करायची असते, हेही सांगावं लागलं. माझं संपलं तसं मॅडम त्याला म्हणाल्या, "अब आप बताइए."

"मतलब मेरे में आधा है, इसके में आधा. हम को कुछ नहीं. बच्चे को पूरा मिल सकता है." तो थांबला. मॅडमनी मान हलवली. पण त्याचं संपलं नव्हतं.

"और नौकरी नहीं है."

"नहीं," मॅडम म्हणाल्या.

मग तो बायकोशी कोरकूत बोलला. तिला दोन्ही सांगायला त्याला वेळ लागला. ती एकच काहीतरी बोलली आणि लॅमिनेट केलेले दोन्ही कागद उचलून पिशवीत ठेवू लागली. मॅडमनी विचारलं, काय म्हणाली. तो सांगायला तयार नव्हता. मॅडमनी पुन्हा विचारलं.

"पूछ रही है, शादी के पहले क्यों नहीं बताया."

मॅडमनी वहीत माझ्या वाक्यावर आडवी रेघ मारली आणि खाली ते लिहून घेतलं.

ते दोघं गेल्यावर मी काय विचारलं असेल? माफी मागितली असेल, असं तुम्हाला वाटेल. मी विचारलं, "मॅडम, माझ्या व्हायवाचं काय होईल?" हे मी बोललो. माझ्याच तोंडून आलं ते.

"काय होनार?" त्या म्हणाल्या. "विद्यापीठाच्या अटीत वही नाई. तुमचं सगळं पुरं आहे."

बाकीच्या माणसांकडं मी जातो म्हटलं, तर म्हणाल्या, "राहू द्या, तुमचं झालं." रिटायरमेंटला थोडी वर्षं राहिलेली ती बाई सुट्टी काढून गेली, कॅनव्हासचे बूट घालून, एकटी, पाचही गावं फिरली. मामांनी मला सांगितलं की आल्यावर त्या आठवडाभर तापानं पडून होत्या.

व्हायवा झाली. नियमानं गाइडनं हजर राहायचं असतं, त्या पुढच्या रांगेत बसल्या होत्या. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझ्या कामाचं कौतुक केलं, खास करून याचं की तपासलेल्या प्रत्येक माणसापर्यंत आम्ही निकाल पोचवला. असं कुणी करत नाही, म्हणाले. मग त्यांनी मॅडमना दोन शब्द बोलायला सांगितलं. मॅडम उठल्या आणि पहिल्यांदाच शुद्ध, छापील मराठीत बोलल्या: "विद्यापीठाच्या सर्व अटी पूर्ण झालेल्या आहेत." आणि बसल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबा सगळ्यांत जोरात वाजवत होते.

मला अकोल्याची जागा मिळाली. दुकानाच्या पाटीवर बाबांनी आपल्या नावाखाली माझं नाव लिहून घेतलं, पुढं डॉक्टर लावून. लोक हार घ्यायला येतात आणि सर्दीची गोळी विचारतात.

त्या दोघांना मुलगी झाली. ती आठ महिन्यांची झाल्यावर मॅडमनी तिचं रक्त स्वतः तपासलं. दोन्हीकडचं वाकडं तिच्यात आलं होतं. सांगायलाही त्या स्वतःच धारणीला गेल्या. मला हे मामांकडून कळलं, मॅडम माझ्याशी त्यानंतर बोलल्या नाहीत आणि मी बोलायला गेलो नाही. त्या मुलीचं नाव काय ठेवलं, ती आता कशी आहे, मला माहीत नाही. धारणीची गाडी अमरावतीहून रोज सुटते. मी कधी बसलो नाही.

त्याच सुमारास माझ्या नेमणुकीच्या मान्यतेची फाईल घेऊन मी विद्यापीठात गेलो होतो. खिडकीतला बाबू आता मला ओळखत होता, आत बोलावून चहा दिला. कागद चाळता चाळता त्याला काहीतरी आठवलं.

"सर, तुमच्या मॅडमनं गाइडशिप सोडली, माहीत आहे काय? अर्ज आला परवा. थांबा, दाखवतो, अख्खं ऑफिस हसून राह्यलं." त्यानं एक कागद माझ्यापुढं धरला. सोडण्याचे कारण, असं छापलेलं होतं, आणि पुढं मॅडमच्या अक्षरात चार शब्द: मला वाचता येत नाही.

"आता बोला!" तो म्हणाला. "एवढी शिकलेली बाई, आन् म्हनते वाचता येत नाई. बावा, सर्किटच आहे पुरी. तुमी कसे काढले हो सहा वर्षं?"

मी कपातला चहा संपवला आणि त्याच्यासोबत हसलो.